ड्रीमवीव्हरमध्ये हरवलेले लोक, या इकडे!

लेक काल फिग्मावर, त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, वैतागली होती. 2024 मध्ये त्यांनी टूलबार वरून खाली नेला, हात मात्र अजून वरच जातो म्हणे. मला आमचं वेबपेज बनवायचं सॉफ्टवेअर, मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आठवलं. खालच्या प्रॉपर्टी इन्स्पेक्टर पॅनेलचा चेहरा सतत बदलायचा: मजकूर निवडला की फॉन्ट, टेबल निवडलं की सेलपॅडिंग, म्हणजे सेलच्या आतली मोकळी जागा. माझा खरा जीव त्याच्यावरच्या बारीक पट्टीवर, टॅग सिलेक्टरवर. बॉडी, टेबल, टीआर (आडवी रांग), टीडी (सेल) असे पानाच्या कोडमधले टॅग ओळीने दिसायचे. टेबलात टेबल, त्यात टेबल, माउसने आतला सेल काही केल्या सापडत नसे. तिथल्या टीडीवर क्लिक केलं की बरोब्बर पकडला जायचा. तुमचे किस्से?

कोथरूडकर: एफ 4!!! सगळी पॅनेलं गायब. क्लासमध्ये शेजारच्याचं हळूच दाबून ठेवायचं. "सर, सॉफ्टवेअर उडालं!" 😂

मिरचीभजी: फ्रंटपेजवाले कुणी? तेही वेबपेज बनवायचंच, मायक्रोसॉफ्टचं. खाली नॉर्मल, एचटीएमएल, प्रिव्ह्यू असे टॅब. आमचे साहेब प्रिव्ह्यूत जाऊन टाइप करायचे आणि कीबोर्ड बदलून मागायचे.

सई_ठाणे: कुकर लावलाय, येतेच.

निवांत: फाइल्स पॅनेलमधले दोन बाण. हिरवा खाली म्हणजे गेट, सर्व्हरवरून फाइल आणा; निळा वर म्हणजे पुट, सर्व्हरवर चढवा. सीनियरने माझ्या मशिनवर बसून गेट दाबलं, सर्व्हरवरची जुनी फाइल माझ्या दिवसभराच्या कामावर येऊन बसली. वर म्हणतो, "सेव्ह नव्हतं केलंस का?"

कोथरूडकर: @निवांत अरेरे. चहा पाजला का तरी?

निवांत: मीच पाजला.

सई_ठाणे: आले. आमचं सगळं शिवाजी फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांवरच मराठी आकार बसवलेले. डिझाइन व्ह्यूत छान मराठी, कोड व्ह्यूत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. स्प्लिट करून एका बाजूला मराठी वाचायचं, दुसरीकडे तो शब्द हुडकायचा. त्या फाइली अजून आहेत, युनिकोडात, म्हणजे आताच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, कशा आणू?

मिरचीभजी: कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासा. आहे काय त्यात?

सई_ठाणे: सासूबाईंनी सांगितलेली मंगळागौरीची गाणी.

मिरचीभजी: अहो मग आधी बॅकअप घ्या!! झाली की इथे टाका, आईला हवीच आहेत.