मदत हवी आहे : कासला न जाण्याबद्दल

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहते. कास पठार इथून जेमतेम २५ किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात कासही आहे. तेव्हापासून सप्टेंबरात आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते. मी मात्र आजवर एकदाही कासला गेलेले नाही, आणि खरं सांगते, त्याची रुखरुख नाही.

रोज सकाळी मी अजिंक्यताऱ्याच्या वाटेने अर्धा तास चालते. कडेला तेरडा फुललेला असतो. पिकलेल्या शेंगेला नुसतं बोट लावलं की ती फट्‌कन उकलते, सालं गोल वळतात आणि बिया मनगटावर उडतात. नात सोबत असली तर आम्ही तिथेच रेंगाळतो. माझं मन तेवढ्याने भरतं.

यंदा नणंदबाई खास मला न्यायला येत आहेत, बुकिंगही केलंय. त्यांचा जीव आहे माझ्यावर, म्हणून अवघड होतंय. "नको" म्हटलं की त्यांना वाटतं, वहिनी मन मारून राहतात.

त्यांना न दुखावता हे कसं सांगू? की एकदा जाऊनच यावं? कुणी असा प्रसंग निभावला असेल तर नक्की लिहा.