सपाटी ते डोंगरपायथा: ग्रॅव्हलचा रूट आखताना नक्की काय बघायचं?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं रोड बाइक चालवतोय, आता ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या कच्च्या रस्त्यांवर चालवायची जाड टायरची सायकल) घेतलीय. ४० मिमी टायर, पुढे ४० दातांची एकच चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चाक), मागच्या चाकावर ११ ते ४२ दातांचे गिअर. एका दिवसाचा साधारण १२० किमीचा लूप आखायचाय, म्हणजे सपाटीवरच्या कच्च्या रस्त्यांनी निघायचं, डोंगराच्या पायथ्याच्या टेकड्यांमधून आडवं जायचं आणि परत खाली यायचं, मुख्य डोंगर चढायचाच नाहीये. अ‍ॅपवर लूप काढला तर एकूण चढ ११०० मीटर दाखवतंय. डांबरी रस्त्यावर एवढं आरामात होतं, पण ग्रॅव्हलवर हा आकडा तसाच धरायचा का? आणि मॅपवर सगळे कच्चे रस्ते सारखेच तुटक रेघांनी दाखवलेले असतात, त्यातला चालवण्यासारखा कुठला आणि ढकलत न्यावा लागेल असा कुठला हे घरबसल्या कसं ओळखता तुम्ही लोक?

चाकोरीबाहेर:
११०० हा आकडा आधी बाजूला ठेवा, तो चढ कसा विभागलाय ते बघा. पायथ्याला डोंगराला समांतर जाणारा रस्ता घेतलात तर डोंगरातून खाली येणारा एकेक ओढा ओलांडावा लागतो, म्हणजे ओढ्यात उतरा, पलीकडे चढा, परत उतरा परत चढा, दर वेळी २०-३० मीटरच पण १२-१४ टक्क्यांनी. अ‍ॅपचा उंचीचा डेटा ठरावीक अंतरावरचा असतो आणि तो अशा छोट्या उतारचढावांना सपाट करून टाकतो, त्यामुळे असल्या भागात खरा चढ दाखवतात त्याहून जास्तच निघतो. याउलट दोन ओढ्यांच्या मधल्या धारेवरून डोंगराकडे सरळ जाणारा रस्ता लांबच लांब पण सलग चढतो आणि पायांना तो कितीतरी सोपा जातो. म्हणून माझं म्हणणं, वर जायला धारेवरचा रस्ता, आडवं जायचं अंतर कमीत कमी, आणि उतरायला दुसरी धार.

रस्ता कसा असेल ते मॅपच्या आधी जमिनीवरून कळतं, आणि मला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. डोंगरातून बाहेर पडली की नदीचा वेग एकदम कमी होतो, मग मोठे गोटे ती तिथेच तोंडाशी टाकते, पुढे बारीक खडी, त्याच्या पुढे वाळू, आणि लांब सपाटीवर नुसता गाळ आणि चिकणमाती. म्हणजे डोंगराच्या अगदी कुशीत सुटे दगड मिळणार, टायर फाटायचा धोका तिथे. मधला पट्टा बहुतेक वेळा सगळ्यात सुरेख, खडी बसलेली आणि पाण्याचा निचरा चांगला. आणि लांबच्या सपाटीवर कोरड्या दिवसात रस्ता डांबरासारखा पळतो पण पाऊस झाला की संपलं. लूपचं जास्तीत जास्त अंतर त्या मधल्या पट्ट्यात बसवता आलं तर बसवाच. अर्थात रस्त्यावर बाहेरून खडी आणून टाकली असेल तर हे गणित बदलतं.

मग मॅप. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला ऑनलाइन नकाशा) कच्च्या रस्त्यांना ट्रॅकटाइप नावाचा टॅग असतो, ग्रेड १ म्हणजे पक्का दाबलेला आणि ग्रेड ५ म्हणजे नुसती माती-गवत. कोमूट, राइड विथ जीपीएस ही अ‍ॅप्स सरफेसची माहिती मुख्यतः तिथूनच घेतात, पण टॅग कोणीतरी हाताने भरलेला असतो, कधी भरलेलाच नसतो, म्हणून सॅटेलाइट फोटो उघडून बघाच. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची पट्टी दिसली तर गाड्या कमी, वेगही कमी मिळणार. पूर्ण रुंदीचा फिकट पट्टा दिसला तर नेहमीच्या वापरातला रस्ता.

अजून एक, पायथ्याला पाटबंधाऱ्याचा कालवा असेल तर तो शोधा. कालवा उताराला जवळजवळ आडवाच जातो, त्यामुळे त्याच्या कडेचा सर्व्हिस रोड टेकड्यांमधूनसुद्धा सपाट असतो (फक्त तिथे जायला परवानगी आहे का ते आधी बघा). तसंच बंद पडलेल्या रेल्वेचे मार्ग. रेल्वेला जास्त चढ झेपत नाही, डोंगरी लाइनसुद्धा बहुधा ३-४ टक्क्यांच्या आतच काढलेली असते. कोलोरॅडोमधला गोल्ड कॅम्प रोड असाच आहे, कोलोरॅडो स्प्रिंग्सहून क्रिपल क्रीकच्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेच्या जागेवर झालेला.

सायकलवेडी:
वरचं सगळं पटलं, पण वारा राहिला की! सपाटीवर खरा चढ म्हणजे उलटा वारा, आणि चढाला शेवट असतो, वाऱ्याला नसतो. अमेरिकेतल्या ग्रेट प्लेन्सचे रस्ते बघा, १७८५च्या जमीन मोजणीच्या कायद्यामुळे तिकडे एकेक मैलाचे चौकोन पडलेत आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडेने सरळ पूर्व-पश्चिम नाहीतर उत्तर-दक्षिण जातात. तिथे वारा तोंडावर आला की वळणच नाही, तासन् तास तोच वारा. आपला रूट आखताना निदान सपाटीवर मधेमधे दिशा बदलेल असं बघा, थोडा आडोसा तरी मिळतो.

उन्हाळ्यात शांत हवामान असेल तर डोंगराजवळचा वारा दिवसात पलटतो. रात्री आणि पहाटे थंड हवा डोंगरावरून सपाटीकडे उतरते, ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात आणि वारा सपाटीकडून वर वाहायला लागतो. म्हणजे नुसता वाऱ्याचा विचार केला तर सकाळी सपाटीवर फिरून घ्या आणि दुपारी पाठीवर वारा घेऊन टेकड्यांकडे जा. पण मी तसं कधीच करणार नाही, कारण तीच वर जाणारी हवा दुपारी ढग बांधते आणि विजा आधी डोंगरावर पडतात. उघड्या धारेवर सायकल घेऊन अडकलं तर लपायला जागा नसते. सकाळच्या उलट्या वाऱ्याला फारसा जोर नसतो, तो सोसायचा आणि दुपारच्या आत टेकड्या उरकून खाली यायचं. परतताना वारा समोरून लागेल, तेवढी ताकद राखून ठेवायची.

थंडीतली गोष्ट वेगळी. रॉकीजच्या पूर्वेला चिनूक, आल्प्समध्ये फॉन, हे डोंगर ओलांडून खाली कोसळणारे कोरडे वारे आहेत, ताशी १०० किमीच्या वरचे झोत येतात. अंदाजात तसं काही असेल तर पायथ्याकडे जाऊच नका.

टेकडीवाला:
गिअरबद्दल बोलतो. तुमचा सगळ्यात हलका गिअर ४०-४२ म्हणजे जवळजवळ एकास एक (पॅडलच्या एका फेऱ्याला चाकाचा साधारण एक फेरा), डांबरावर भरपूर होतं पण सुट्या खडीवर १४ टक्के चढायला कमी पडेल, कारण तिथे उभं राहून पॅडल मारता येत नाही, मागच्या चाकावरचं वजन गेलं की ते जागीच फिरतं. बसूनच चढावं लागतं, आणि बसून चढायला हलका गिअर लागतो. पुढे ३६ किंवा ३८ची चेनरिंग टाका.

टायरमधल्या हवेच्या दाबाचं म्हणाल तर ४० मिमी ट्यूबलेसला (आत ट्यूब नसलेला टायर) ७० किलोच्या माणसाने ३५ पीएसआयच्या आसपास सुरू करावं, मागे दोनेक जास्त. सपाटीवर लोक कडक हवा भरतात वेगासाठी, पण खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतो आणि उलट हळू जातो, शिवाय वॉशबोर्डवर हातांची वाट लागते. वॉशबोर्ड म्हणजे ते पत्र्याच्या पन्हळीसारखे आडवे उंचवटे. ते जास्त करून चढांवर आणि वळणांच्या आधी असतात, जिथे गाड्या जोर लावतात किंवा ब्रेक मारतात. अगदी कडेला सरका, तिथे बऱ्याचदा हातभर गुळगुळीत पट्टी सापडते. फक्त आंधळ्या वळणावर चुकीच्या बाजूला जाऊ नका.

रानवाटा:
बापरे, एवढं सगळं! धारेवरून चढायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. लूप बदलून बघितला तर अंतर १३१ झालं पण आडवा भाग निम्म्यावर आला. एक शंका, आदल्या दिवशी पाऊस पडला तर रद्दच करायचं का?

चाकोरीबाहेर:
सगळं नाही. खडीचा पट्टा एका रात्रीत चालवण्यासारखा होतो, उलट धूळ बसल्यामुळे पकड छान मिळते. पण चिकणमातीचा भाग टाळा. ती माती टायरला थर-थर चढते, फ्रेम आणि टायरमधली फट भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. जबरदस्तीने पॅडल मारलं की डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तुटतो. अमेरिकेत कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये अनबाउंड नावाची ग्रॅव्हलची रेस होते, २०२३ला तिथे सुरुवातीच्याच टप्प्यात असला चिखल लागला, भलेभले रेसर सायकल खांद्यावर घेऊन चालत होते. म्हणून लूपमधला चिकणमातीचा प्रत्येक तुकडा हेरून त्याला डांबरी पर्याय आत्ताच काढा आणि दुसरी फाइल म्हणून डिव्हाइसमध्ये टाकून ठेवा. सकाळी घराबाहेरची ओली माती बोटांत घेऊन बघा, वळून तिची गोळी झाली तर दुसरी फाइल लावा.

सायकलवेडी:
आणि वाटेत गुरांसाठीची फाटकं लागली तर जशी होती तशीच ठेवा, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. एका सायकलवाल्याने फाटक उघडं टाकलं की पुढच्या सगळ्यांना रस्ता बंद होतो.