वाडी विरुद्ध वाडी: तुमच्याकडे कशावरून पेटलं आणि कसं मिटलं?

लाल_माती
काल गावच्या ग्रुपवर पालखीचा व्हिडिओ आला. अर्ध्या मिनिटाचाच, ढोलाचा आवाज इतका फाटलेला की म्यूट करून बघितला. पुढच्या दांडीला खालच्या वाडीतला पोरगा, मागच्या दांडीला आमच्या वरच्या वाडीतला, दोघं घामाने निथळतायत नि हसतायत. पोटात कसंतरीच झालं, कारण मी आठवीत असताना याच दोघांच्या बापांनी एकमेकांची डोकी फोडलेली, सहाणेसमोर (पालखी ठेवायचा चौथरा), होम पेटलेला असताना.

कारण काय तर पालखी सहाणेवरून उठली की आधी कुठल्या वाडीत जाणार. बस्स. त्याच्या आधी क्रिकेटवरून झालेलं, त्याच्या आधी पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाण्यावरून, त्याच्याही आधी कायतरी असेलच. पोलीस आले, देवळाला कुलूप, पाच वर्षं शिमगा नाही. नंतर दोन वाड्यांना दोन वेगळे दिवस ठरले पण बोलणं बंद ते बंदच. खालच्या वाडीतल्या दुकानातून माचिस आणली म्हणून आजीने मला ती परत द्यायला पाठवलेलं, आणि वर ‘एक काडी जळलेय तेचे पैसे दे’ म्हणून सांगितलं.

मिटलं ते निसर्ग वादळात, 3 जून 2020. महिनाभर लाईट नाही म्हणजे पंप बंद, आणि रहाटाची एकच विहीर शिल्लक ती खालच्या वाडीत. लाकूड कापायचा कटर मात्र फक्त वरच्या वाडीत आणि रस्त्यावर झाडंच झाडं. पुरुष मंडळी बैठक घ्यायची कशी, कुणाच्या पडवीत, यावर दोन दिवस घोळ घालत बसली. तिसऱ्या दिवशी आमची आई आणि शेजारची काकी कळश्या घेऊन सरळ विहिरीवर गेल्या. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी कटर खाली गेला.

तुमच्याकडचं सांगा.

बांगडा_फ्राय
पयलो नंबर! आमच्याकडे वाडीत नाय, भजनात. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचो सामनो, भांडाणच ना, फक्त पेटी-पखवाज घेवन. एका वर्षी आमच्या बुवान समोरच्या बुवाक गजरात असो काय टोमणो मारल्यान की तेंचे कोरसवाले स्टेजवरसून उतारले आणि आमच्या पखवाजाची शाई खरवडूक लागले. सकाळी पाचाक बघतंव तर दोघव बुवा एकाच टपरीर भजी खातहत. आम्ही मात्र वर्षभर एकमेकांशी बोलूक नाय.

गुहागरी_सुपारी
😂😂 आमच्याकडे तेच शक्तीवाले-तुरेवाले. जाखडीच्या नाचात दोन बाजू, एकीने गाण्यातून सवाल टाकायचा नि उत्तर नाही आलं की वर्षभर मिरवायचं. माझे मामा तुरेवाले, वडील शक्तीवाले. आई म्हणायची मी दोन्हीकडचा चहा करते.

निवृत्त_मास्तर
यावरून शिकवतानाचं आठवलं. मुझफ्फर शेरीफ म्हणून मूळ तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1954 साली अमेरिकेत ओक्लाहोमात रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात अकराएक वर्षांचे 22 मुलगे शिबिराला नेले. सगळे साध्या, सारख्याच घरांतले, आधीची ओळखदेख नाही. दोन गट केले, आठवडाभर एकमेकांचा पत्ताच लागू दिला नाही. पोरांनी स्वतःची नावं ठेवली, रॅटलर्स आणि ईगल्स. मग सामने लावले, बेसबॉल, रस्सीखेच, जिंकणाऱ्या गटाला बक्षीस. झालं! झेंडे जाळले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. नुसतं जेवायला एकत्र बसवलं तर अन्न फेकून मारलं. शेवटी पाण्याच्या टाकीची लाईन बंद पाडली तेव्हा दोन्ही गट बिघाड कुठे ते शोधायला गेले, आणि ट्रक चालू होईना तेव्हा रस्सीखेचीच्याच दोराने सगळ्यांनी मिळून ओढला. असं चारदोनदा झाल्यावर निवळले. परत जाताना एकाच बसमधून जाऊया म्हणाले, आणि रॅटलर्सनी बक्षिसाच्या पाच डॉलरमधून सगळ्यांना दूध-माल्टचं पेय पाजलं.

आणखी एक. आदल्या वर्षी, 1953 ला, न्यूयॉर्क राज्यात हाच प्रयोग फसला होता. मुलांची आधीच एकमेकांशी दोस्ती झालेली, त्यामुळे ती भांडेचनात! हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं जास्त खूश व्हायची.

बांगडा_फ्राय
मास्तर, सरपंचाक सांगतंय टाकीचो कॉक बंद कर, भांडाण मिटता 😆

गुहागरी_सुपारी
आमच्याकडे टाकी आहे, पाणी कुठाय

माहेरवाशीण_रायगड
मला हसू येत नाही बाबांनो, सॉरी. माझ्या बाबांनी गावकीने ठरवलेल्या माणसाच्या विरोधात ग्रामपंचायतीचा फॉर्म भरला म्हणून आम्हाला वाळीत टाकलं. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला आईच्या माहेरून माणसं आली, तीन तास लागले त्यांना यायला, आम्ही अंगणात नुसते बसून. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 चा, आमचं त्याच्या कितीतरी आधीचं. आता ती माणसं लग्नाची पत्रिका आणून देतात, आई चहा देते. मी म्हटलं मिटलं का गं, तर म्हणाली मिटलं नाही, म्हातारं झालं.

लाल_माती
ताई 🙏 काय बोलू सुचत नाही.

दर्यावरची
दोन भाकऱ्यांच्या मधे टाईप करतेय, चुकलं तर समजून घ्या. संकट आलं की एक होतात हे अर्धंच खरं. आमच्या घरची बोट गिलनेटची (पाण्यात उभं सोडायचं जाळं), आणि पर्ससीनवाल्यांशी (मोठ्या जाळ्याने मासळीचा थवाच घेरणारे) भांडण मी लग्न होऊन आले तेव्हापासून. 2016 ला सरकारने पर्ससीनवर बंधनं घातली तरी समुद्रात जाऊन बघतंय कोण. पण 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा बोट कुणाची हे कुणी नाही विचारलं, वायरलेसवर सगळे सगळ्यांना हाका मारत होते, आमच्या दिरांना पर्ससीनवाल्यांनीच ओढून बंदरात आणलं. मास्तरांच्या पोरांसारखंच दोराने. आणि डिसेंबरात परत एकमेकांची जाळी कापली. पोरं शिबिरातून घरी गेली हो, आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात जायचं असतं नि मासळी तेवढीच.

निवृत्त_मास्तर
हे फार बरोबर बोललात वहिनी. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

फणसपोळी
विषयाला सोडून आहे पण कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी करताना हाताला चीक लागू नये म्हणून तेल लावतात ते खोबरेलच का? सासूबाई फोन उचलत नाहीयेत

दर्यावरची
कुठलंही चालतं गं. सुरीला पण लाव.

नाईलाजाने_पुणेकर
आमच्याकडे कुणी समेटबिमेट केला नाही. आमच्यात गावकर आणि खोतांचा मानावरून वाद, पालखीला आधी हात कुणी लावायचा. मुंबई मंडळ दोन, पावतीपुस्तकं दोन, एवढंच काय ढोल पण दोन. मग हळूहळू घरं बंद पडत गेली. एका शिमग्याला पालखी उठवायची वेळ आली तर गावकरांकडे तीन धड खांदे आणि खोतांकडे दोन, त्यातला एक साठीचा. गुरव म्हणाले आता मान कुणाला पायजे तो घ्या पण उचला. तेव्हापासून एकत्र. लोक म्हणतात गाव शहाणं झालं. मी म्हणतो गाव रिकामं झालं.

बांगडा_फ्राय
ह्या वाचून माका आमचो पखवाजवालो आठावलो. तो पण वसईक गेलो.

लाल_माती
पुणेकर, तुझं वाचून व्हिडिओ परत लावला आणि आईला फोन करून विचारलं. ते दोघं पोरगे मुंबईकडे दिव्याला एकाच चाळीत राहतात म्हणे. एकाच गाडीने खेडला उतरले, एकाच रिक्षाने गावात, आणि रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं यावरून स्टेशनवर वाजलं!

गुहागरी_सुपारी
दिव्याहून शिमग्याला जागा मिळते??? कुठल्या डब्यात?

लाल_माती
दारात. थांब, कुकरची तिसरी शिट्टी झाली, आलोच.