स्लॅमसाठी ४ नो ट्रम्प विचारायची खोड मोडायला हवी

दुसरं गेट, टिळकवाडी
गुरुवारी ब्रिज खेळायला निघालो तर धो धो पाऊस, त्यात रेल्वे गेट बंद. अर्धा तास उशिरा पोचलो आणि तिसऱ्याच डावात माती खाल्ली.

माझी पानं: इस्पीक राजा, राणी, ७, ४, बदाम राजा, राणी, गुलाम, ६, ३, चौकट ९, २, किलवर एक्का, राणी. भिडूने १ इस्पीक उघडलं. मोठ्या पानांचे सतरा गुण बघून हात शिवशिवले, थेट ४ नो ट्रम्प, म्हणजे ब्लॅकवूड: भिडूला किती एक्के ते विचारणारी बोली. उत्तर ५ बदाम, म्हणजे दोन एक्के. एकच बाहेर, चालतंय की, म्हणून ६ इस्पीक, म्हणजे स्लॅम: तेरापैकी बारा हात करायची बोली. उजवीकडच्या काकूंनी चौकटचा एक्का उतरला. मी डमी मांडली, म्हणजे माझी पानं टेबलावर उघडी ठेवली, चौकटची ९ आणि २ बघून काकू गालात हसल्या आणि राजा टाकला. संपलं. उरलेले अकराही हात आमचेच! भिडूकडे चौकटचा गुलाम, ८, ४ होते.

माझं मत: ब्लॅकवूड किती एक्के ते सांगतं, कुठले ते नाही. आपल्याकडे मात्र पानं चांगली दिसली की पहिलं तेच तोंडात येतं. आधी क्यू बोली लावायची सवय करा, म्हणजे हुकूम ठरल्यावर ज्या रंगात एक्का, राजा किंवा सिंगलटन (एकच पान) आहे तो रंग बोलायचा.

कॅम्पातला म्हातारा
बाळा, खोड ब्लॅकवूडची नव्हे, तुझी. ईझली ब्लॅकवूडनं १९३३ साली हे काढलं. याचा खरा उपयोग दोन एक्के बाहेर असताना स्लॅममध्ये घुसू नये म्हणून. स्लॅम आहे का, हे आधी ठरवायचं. एखाद्या रंगात दोन बारकी पानं असताना ४ नो ट्रम्प विचारायचंच नसतं, उत्तर काहीही आलं तरी तुला काय कळणार होतं? हातोडीनं बोट ठेचलं म्हणून हातोडी फेकतोस होय?

दुसरं गेट, टिळकवाडी
अण्णा, विचारायचं नसतं हे मान्य. पण मग करायचं काय, ते कुणी शिकवतच नाही. तोच डाव बघा: १ इस्पीक, २ बदाम, २ इस्पीक, ३ इस्पीक. भिडू ४ किलवर बोलतो, त्याच्याकडे किलवरचा राजा आहे. मी चौकट ओलांडून ४ बदाम. म्हणजे चौकटमध्ये माझ्याकडे एक्का, राजा, सिंगलटन काही नाही. त्याच्याकडेही नाही, तो ४ इस्पीकवर थांबतो. एक हात जादा, ४५० गुण, घरी जायचं.

निपाणीचा भिडू
कागदावर झकास. आमच्याकडं भिडू दर आठवड्याला बदलतो. मागं मी ४ चौकट क्यू बोली लावली, समोरच्यानं पास केलं! हुकूम ठरला होता बदाम आणि आम्ही दोघांत मिळून चार चौकट घेऊन ४ चौकट खेळत बसलो. ब्लॅकवूड निदान सगळ्यांना येतं.

दुसरं गेट, टिळकवाडी
सगळ्यांना येतं म्हणता? कीकार्डमध्ये, म्हणजे ब्लॅकवूडच्याच सुधारलेल्या प्रकारात, हुकमाचा राजा पाचवा एक्का धरतात, इथपर्यंत एकमत. पुढं? माझा एक भिडू १४३० वाला, ४ नो ट्रम्पला त्याचं ५ किलवर हे उत्तर म्हणजे एक किंवा चार. मी ३०१४ वाला, माझ्या हिशेबानं शून्य किंवा तीन. त्यानं एक सांगितला, मी तीन ऐकले. सात, म्हणजे तेराही हात, बोलून बसलो.

खानापूरची आक्का
तुम्ही सगळे भिडूचंच बघायलाय, समोरच्यांना कान नाहीत का? तुम्ही चौकट ओलांडली की तेही ऐकतात. एक्का-राजा एकाच हातात असला तर तो तसाही तेच उतरेल. पण एक्का इकडं, राजा तिकडं असला तर? न सांगता सहा बोललात तर बिचारा किलवर उतरू शकतो, आणि मग तुमचा बदाम पळतो, चौकट टाकून मोकळे. क्यू बोलीनं तुम्ही त्याला उतारी लिहून दिलीत.

आणि हिशेब करा. व्हल्नरेबल (दंड आणि बक्षीस वाढलेली स्थिती) नसताना ६ इस्पीक झालं तर ९८०, ४ वर थांबून तेच बारा हात केले तर ४८०. फायदा ५००. बुडालं तर ४५० ऐवजी उणे ५०, तोटा तोच ५००. म्हणजे निम्म्या वेळा झालं तरी हिशेब बरोबरीत. मी तर कधीकधी मुद्दाम आंधळी उडी मारते.

कॅम्पातला म्हातारा
आक्का, जुगार खेळायला मटका आहे की.

खानापूरची आक्का
अण्णा, मागच्या महिन्यात तुमच्याच विरुद्ध केला होता तो स्लॅम. उतारी तुमची होती, किलवरची.

दुसरं गेट, टिळकवाडी
😀 आक्कांचा मुद्दा बिनतोड आहे, उतारीचा मी विचारच केला नव्हता. तरी काकूंसमोर आंधळी उडी नको. लहानपणी मेंढीकोट खेळताना भिडूला डोळा मारायचो, इथं तीच खूण उघड बोलीत करायची आणि सगळ्यांनी ऐकायची, हा फरक पचवायला जड जातो खरा. माझा भिडू घरी कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी, पण टेबलावर दोघांकडे मिळून पंधरा शब्द: सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प, पास, डबल, रीडबल. त्यातच चौकट नाही म्हणून सांगायचं.

निपाणीचा भिडू
मग निदान एवढं करा, बसण्याआधी भिडूला दोन प्रश्न विचारा: १४३० का ३०१४, आणि हुकूम ठरल्यावर ४ किलवर म्हणजे क्यू का खरंच किलवर. मी येत्या गुरुवारी बेळगावात आहे. गेट उघडं असलं तर.