मदत हवी आहे: बिलिरुबिन वाढलं तरी पेल्ड स्कोअर उतरला, असं का?

चाफा२१: भाचीचा पेल्ड (लहान मुलाला नवं यकृत किती तातडीने हवं ते सांगणारा आकडा) महिन्याभरात २४ वरून १८ वर आला. बिलिरुबिन ११ होतं, ते १४ झालंय. कावीळ चढतेय आणि नंबर खाली! कोऑर्डिनेटर एवढंच म्हणते की रिपोर्टवर अवलंबून असतं. ती यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत मागे पडली का? दुसऱ्या सेंटरला नाव घालता येतं का? प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा: मुंबई, पुणे, नागपूर की संभाजीनगर? झेडटीसीसीकडे (अवयववाटप करणारी विभागीय समिती) नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. आणि यादीवर विसंबू नका. आपल्याकडे लहान मुलांची बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडूनच होतात. आईवडिलांच्या तपासण्या आजच सुरू करा.

रेवाकाठ: वय, वजन, रक्तगट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी)? आजार कोणता? एकट्या बिलिरुबिनवरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

मधुविश्व: बिलिअरी अट्रेझिया (बाळाच्या पित्तनलिका बंद असणं) असेल तर कसाई ऑपरेशन (जपानी सर्जन कसाई यांच्या नावाचं, पित्ताला वाट करून देणारं) ६० दिवसांच्या आत व्हायला हवं. उशीर झाला की पित्त वाहतं होण्याची शक्यता घटत जाते.

चाफा२१: कसाई कधीच झालं, चाललं नाही, म्हणून तर यादीत आहे. भाची न्यू जर्सीत असते. ११ महिने, ७.१ किलो, ओ पॉझिटिव्ह. आई बी, बाबा ए. आयएनआर १.९ चा १.४ झाला, अल्ब्युमिन २.६ चं ३.३. क्रिएटिनिन नॉर्मल. मधे पोटात पाणी झालं म्हणून ॲडमिट होती.

रेवाकाठ: आता उलगडलं. ॲडमिट असताना व्हिटॅमिन के आणि अल्ब्युमिन शिरेतून दिलं असणार. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून के शोषलं जात नाही, आणि आयएनआर यकृत जितकं बिघडलंय त्याहून जास्त दिसतो. इंजेक्शननंतर तो उतरतो. पेल्डमध्ये आयएनआरचं वजन बिलिरुबिनपेक्षा कितीतरी जास्त. १.९ वरून १.४ झाला की बिलिरुबिनची ३ ची वाढ त्यात बुडून जाते.

वाढ खुंटल्याचेही गुण असतात. जुलै २०२३ पासूनच्या सूत्रात वजन आणि उंची यांपैकी जे जास्त मागे असेल ते धरतात. पोटातल्या पाण्याने वजन फसवं वाढतं, म्हणून उंची नव्याने, आडवं झोपवून, नीट मोजून नोंदवली आहे का ते विचारा. जुनी उंची तशीच राहून जाते.

सह्यकडा: मग सरळ पुढचं रक्त व्हिटॅमिन के द्यायच्या आधी काढायला सांगा.

रेवाकाठ: मुळीच नाही. आकड्यासाठी के लांबवलं तर या वयात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अल्ब्युमिनची गोष्ट वेगळी, ते चढवायच्या आधी रक्त काढणं योग्यच, कारण नंतरचा आकडा बाटलीतला असतो.

नीलमोहर: यादीचं सांगते. प्रौढ दात्याचं यकृत आधी १ए, मग १बी (हे सर्वांत तातडीचे रुग्ण), मग स्कोअर ३७ किंवा जास्त, ३३, २९, आणि शेवटी १५ किंवा जास्त, असं दात्याच्या रुग्णालयाभोवती १५०, २५० आणि ५०० नॉटिकल मैलांच्या वर्तुळांत फिरतं. २४ आणि १८ एकाच गटात, पण गटात क्रम स्कोअरने लागतो, म्हणजे मागे पडली हे खरं. १८ वर्षांखालच्या दात्याच्या यकृतात मात्र मुलांना प्राधान्य.

आणखी एक. ११ ते १८ स्कोअरला रिपोर्ट तीन महिन्यांनी नवे केले तरी नियमात बसतं. १९ ते २४ ला दर महिन्याला करावे लागतात. म्हणून बाळ बिघडलं की तीन महिने थांबू नका, रिपोर्ट त्याआधीही भरता येतात.

कोऑर्डिनेटरला विचारा: ताप-इन्फेक्शनमुळे तिला स्टेटस ७ वर, म्हणजे निष्क्रिय, टाकली होती का, आणि परत सक्रिय केली का? दात्याच्या वजनाची मर्यादा काय भरली आहे? स्प्लिट (मोठ्या माणसाचं दोघांत वाटलेलं) यकृत घेणार असं नोंदवलंय का? ७ किलोच्या बाळाला अख्खं यकृत फक्त लहान मुलाचंच बसतं. स्प्लिट घेणार असं नोंदवलं नसेल तर बहुतेक दाते आपोआप गळतात. दुसऱ्या सेंटरला नाव घालता येतं. तिथले सर्जन स्वतः स्प्लिट करतात का ते आधी बघा.

वाढ खुंटणं, वारंवार कोलँजायटिस (पित्तनलिकांचं इन्फेक्शन), न थांबणारी खाज असेल तर सेंटर राष्ट्रीय रिव्ह्यू बोर्डाकडे वाढीव गुण मागू शकतं. अर्ज डॉक्टरांनीच करायचा, पण मागे लागायचं आपण.

मधुविश्व: गोवर-गालगुंडाची लस राहिली असेल तर सहाव्या महिन्यापासून देतात, पण प्रत्यारोपणाआधी किमान चार आठवडे. नंतर जिवंत लशी सहसा देत नाहीत.

चाफा२१: लशीचं विचारलंच नव्हतं, पण तिलाही राहिली आहे, थँक्यू. मी मावशी, ओ पॉझिटिव्ह, नाशिकला असते. मी देऊ शकते का?

सह्यकडा: मावशी 'जवळचे नातेवाईक' यात येत नाही. प्राधिकार समितीची परवानगी लागेल.

रेवाकाठ: तो भारतातला कायदा. अमेरिकेत नात्याची अशी यादी नाही. दात्याच्या बाजूने बघणारा स्वतंत्र माणूस मात्र सेंटरला द्यावाच लागतो. तुमच्या यकृताच्या डाव्या भागाचे सेगमेंट (तुकडे) २ आणि ३ घेतील. ते साधारण २५० ग्रॅम भरले तर बाळाच्या वजनाच्या ३.५ टक्के होतात. ४ टक्क्यांच्या वर गेलं की पोट मिटत नाही आणि पोर्टल (आतड्याकडून यकृतात येणारा) रक्तप्रवाह अपुरा पडतो, तेव्हा आणखी छाटावं लागतं. यकृतात चरबी किती, हा पहिला अडसर. लिपिड, एलएफटी (यकृताच्या रक्ततपासण्या) आणि सोनोग्राफी नाशिकलाच करून घ्या, रिपोर्ट सेंटरला पाठवा. व्हिसाच्या पत्राचं त्यांच्याशी तेव्हाच बोला. आणि आईवडील रक्तगटावर आधीच बाद धरू नका. वर्षाच्या आतल्या बाळांत ए आणि बी विरोधी टायटर (त्या रक्तगटांविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण) कमी असतो, काही सेंटर बेमेळ रक्तगटाचं यकृतही लावतात. तिचा टायटर याच आठवड्यात तपासायला सांगा.