शब्दचर्चा : ‘घेणे’, ‘कंपनी देणे’ आणि ‘सोडवणे’

आपल्या नाशिकमध्ये सातपूरचा कामगार दारू ‘पितो’, गंगापूर रोडवरचे साहेब ‘घेतात’. लग्नाच्या चौकशीत हा फरक हमखास कानी पडतो. ‘मुलगा पितो का?’ असं थेट कुणी विचारत नाही. ‘घेतो का?’ असं विचारतात, आणि ‘ऑफिसच्या पार्टीत, कधीतरी’ एवढ्यावर बोलणं मिटतं. पुढे लग्न झालं की बायकोच्या बाबतीत तिसराच शब्दप्रयोग येतो : ती नवऱ्याला ‘कंपनी देते’. याबद्दल इथल्या मंडळींचं निरीक्षण काय?

प्रतिसाद १ :
‘कंपनी देणे’मध्ये पिणारी दिसतच नाही, दिसते ती नवऱ्याची सोबत. शिवाय आपल्या नाशिकला वाईनला दारू म्हणायची पद्धत नाही. ‘अगं, द्राक्षाचाच रस, एका ग्लासानं काय होतंय?’ हा आग्रह मी किती जोडप्यांत ऐकलाय. प्रत्यक्षात वाईनच्या 150 मिलीच्या ग्लासात जेवढं अल्कोहोल असतं, जवळपास तेवढंच व्हिस्कीच्या 45 मिलीत. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच दारूचा अंमल तिच्यावर जास्त होतो. सोबतीची सवय झाली की ती मागे राहत नाही.

आणि तेव्हा तिच्यासाठी शब्द कुठला? बेवडा, दारुडा, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तून बोलीत आलेला तळीराम, सगळे पुरुष. तळीराम तर वर्तमानपत्रं ३१ डिसेंबरला कौतुकानं छापतात. ‘दारुडी’ मात्र सरळ शिवीच. म्हणून बाई लपवते, आणि उपचारांना फार उशीर होतो.

प्रतिसाद २ :
मी सिडकोत राहते. मला ‘सोडवणे’ या शब्दाचा खरा राग आहे. दारू त्याला ‘लागते’, जणू ठेच लागावी तशी, त्याच्याकडे काही दोष नाही. ‘सोडवायची’ मात्र तिनं. ‘लग्न करून द्या, सुटेल’ म्हणून मुलगी दिली जाते, आणि हळदीकुंकवाला वाण हातात ठेवता ठेवता एखादी काकू विचारते, ‘अजून सोडवली नाहीस का गं?’ चार बायकांत त्या पोरीनं काय उत्तर द्यायचं? पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉनच्या गटांत पहिल्यांदा हेच सांगतात : हे तू घडवलं नाहीस, तुला ते आवरता येणार नाही, बरंही करता येणार नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींच्या गटाला ‘सहचरी’ म्हणतात. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात बरोबर चालणं आहे, ओढून नेणं नाही. आमच्या गल्लीत आता काहीजणी ‘ते उपचार घेताहेत’ असं म्हणतात. कर्ता तोच राहतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रतिसाद ३ :
‘लावणे’ राहिलंच की. सासू-सून सकाळी मशेरी ‘लावतात’, दात घासल्यासारखी. भाजलेली तंबाखूच ती, पण तिला व्यसन म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही. गरोदरपणातही सुटत नाही, आणि त्यानं बाळाचं वजन कमी भरतं. नवऱ्याच्या बाटलीवरून घरात रोज भांडण आणि मशेरीची डबी मात्र देवळीत उघड्यावर, अशी घरं पेठ रोडपासून मखमलाबादपर्यंत दाखवता येतील. स्थळ बघताना ‘मुलगी मशेरी लावते का?’ असं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.