विश्वासाने तारण: शिकवताना नेमकं कुठे अडतं? (अनुभव धागा)

समईवात: 31 ऑक्टोबर, म्हणजे धर्मसुधारणा दिन, जवळ आला की दृढीकरणाचे (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या तयारीचे) वर्ग आठवतात आणि तिथला ठरलेला प्रश्न: "विश्वास ठेवला की झालं, मग चांगलं वागायचं कशाला?" मुलं बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 2:8 वर (कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, म्हणजे पापापासून सुटका) थांबतात म्हणून हे होतं. 9 आणि 10 त्याच दमात वाचून घ्या. 10 मध्ये सत्कृत्यं आहेतच, फक्त तारणानंतर. तुमच्याकडे काय फसतं?

पाटीपेन्सिल: शब्दयोगी अव्यय फसतं! मुलं "विश्वासामुळे तारण" लिहितात. शास्त्रात "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे" आहे. "मुळे" म्हटलं की विश्वास हेच एक कृत्य होऊन बसतं, मग "माझा विश्वास पुरतो का?" अशी मापं सुरू. कारण कृपा, विश्वास म्हणजे घ्यायला पुढे केलेला रिकामा हात. आणि पुढचं "हे देवाचे दान" बघा. मूळ ग्रीकमध्ये कृपा, विश्वास दोन्ही स्त्रीलिंगी, पण हे सर्वनाम नपुंसकलिंगी. म्हणजे दान ते अख्खं तारणच. कुकर झाला, येते.

सहीशिक्का: बँकेत तारण आपण ठेवायचं, इथे समोरचाच देतो. हप्ते नाहीत ना? 😄

पाटीपेन्सिल: हप्ते भरायला लागलात की गलतीकरांस पत्र वाचायला लावतात, नियम पाळून नीतिमान ठरू पाहणाऱ्यांना पौल त्यात झापतो.

उंबरठा: याकोब 2:24 कुणीच काढलं नाही? "केवळ विश्वासाने" हे शब्द तिथे आहेत आणि ते नाकारण्यासाठी आहेत: माणूस कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. उलट रोमकरांस 3:28 म्हणतं विश्वासाने नीतिमान ठरतो; त्यातलं "केवळ" धर्मसुधारक ल्यूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात घातलं, मुळात नाही. भांडण सोडवायला अब्राहामाची वयं फळ्यावर लिहा. उत्पत्ती 15:6 ला विश्वास ठेवला आणि नीतिमान गणला गेला. 16:16 ला वय 86, सुंता 17:24 ला, 99 व्या वर्षी. म्हणजे मध्ये किमान 13 वर्षं. पौल रोमकरांस 4 मध्ये हाच क्रम धरतो. याकोब इसहाकाला वेदीवर ठेवल्याचा प्रसंग घेतो, तो 22 व्या अध्यायात. एक मूळ दाखवतो, दुसरा फळ.

समईवात: दादा, हे उतरवून घेतलं.

वसईची_वाट: आमच्या कॅथलिकांकडे शब्द श्रद्धा, आणि स्नानसंस्काराशिवाय (म्हणजे बाप्तिस्म्याशिवाय) वाक्य पुरं होत नाही. पण "कॅथलिक म्हणजे कृत्यांनी तारण" हे शिकवू नका हो. कृपेवाचून निव्वळ स्वतःच्या कृत्यांनी माणूस नीतिमान ठरतो, हे मत कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1547 मध्येच धिक्कारलंय. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये ल्यूथरनांबरोबर (ल्यूथरच्या परंपरेतल्या चर्चबरोबर) नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्याही झाल्या.

फोडणी: विषयांतर, गीतांच्या पुस्तकाची मोठ्या अक्षरांची प्रत कुठे मिळेल? आईला हवीय.

उंबरठा: पाळकांना विचारा, नाहीतर पानं मोठी झेरॉक्स करा.

चिंचपान: विश्वासाचे तीन थर सांगावेत: माहिती, मान्यता, भरवसा. दोनवर थांबलात तर याकोब 2:19, भुतंही मानतात आणि थरथरतात. तिसऱ्याला नीतिसूत्रे 3:5 चा "भाव ठेव" चपखल. पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्या. बाप्तिस्मा 1883, इंग्लंडमध्ये. पण ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, हे आठेक वर्षांनी कळलं, असं त्यांनीच लिहिलंय.

सहीशिक्का: म्हणजे बाप्तिस्मा आधी झाला तरी चालतो?

चिंचपान: फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा क्रम वाचा, प्रेषितांची कृत्ये 16:30 ते 34. प्रश्न, विश्वास, वचन, त्याच रात्री बाप्तिस्मा, मग जेवण. लहान मुलांच्या बाप्तिस्म्यावर इथे सुरू झालात तर धागा शंभरी गाठेल, वेगळा काढा.

फोडणी: झेरॉक्स ए-तीनवर सांगू ना?